भरवेलीचा खडा आणि डेट्रॉइटची गाडी

भरवेलीच्या खाणीतला मँगनीजचा खडा पहिल्यांदा हातात घेणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो. मुठीत मावेल एवढा दगड, पण मनगट खाली खेचलं जातं. रंग काळा, तुटलेल्या बाजूला पोलादी चमक, आणि खडा मऊ जातीचा असेल तर तळहातावर काजळीसारखा डाग. बालाघाट शहराला लागूनच ही खाण आहे. शंभराहून अधिक वर्षं इथून असे खडे निघत आले आहेत. आज त्यासाठी माणसं जमिनीखाली चारशे मीटरपेक्षा खोल उतरतात.

अमेरिकेतल्या ‘मसल कार’ गाड्यांचा इतिहास सहसा डेट्रॉइटपासून सांगितला जातो. पाँटिअॅक जीटीओ, मस्टँग, चार्जर, चॅलेंजर ही नावं घेतली की लांब नाकाची, रुंद खांद्यांची, उभ्या जागी थरथरणारी गाडी डोळ्यांपुढे येते. आपण मात्र हा इतिहास बालाघाटहून सांगू या. इथून पाहिलं की त्या गोष्टीत काही गावं अशी दिसतात, जी अमेरिकन पुस्तकांत सापडत नाहीत. भरवेली, गोंदिया, शिवडी, कुर्ला, माझगाव ही ती गावं.

खडा कुठे जात होता

लोखंडात गंधक शिल्लक राहिलं तर तापलेलं पोलाद लाटताना तडकतं. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं, वितळलेल्या धातूतला ऑक्सिजन बाहेर काढतं आणि पोलादाला चिवटपणा देतं. १८५६ साली इंग्लंडमध्ये बेसेमरने स्वस्त पोलादाची रीत काढली, पण त्याचं पोलाद ठिसूळ निघत होतं. रॉबर्ट मशेट यांनी त्यात मँगनीजयुक्त लोखंड घालून दाखवलं, तेव्हा कुठे ती रीत खऱ्या अर्थाने चालू लागली. तेव्हापासून रेल्वेचा रूळ असो की मोटारीची चासी, टनाटनामागे काही किलो मँगनीज लागतंच. त्याला स्वस्त पर्याय अजून सापडलेला नाही.

हे मँगनीज सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, बालाघाट, भंडारा आणि नागपूर या पट्ट्यात विपुल आहे. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा तयार झाला. तो मध्य प्रांतात होता आणि कारभार नागपूरहून चाले. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदलेली एक कंपनी मँगनीजच्या शोधात इकडे आली. पुढे ती ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ या नावाने ओळखली गेली, लोकांच्या तोंडी ‘सीपीएमओ’. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनी हा सारा पट्टा पालथा घातला आणि १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ असं नाव दिलं, गोंड समाजावरून. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हे नाव आजही आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट आणि नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. इथल्या माणसांची ती ‘छोटी लाईन’. या लाईनने माल गोंदियाला यायचा, तिथे मोठ्या लाईनच्या वाघिणींत चढायचा आणि बंदराकडे निघायचा. पहिल्या महायुद्धाच्या आधी जगाला मँगनीज पुरवणारे दोन मोठे देश म्हणजे रशिया आणि हिंदुस्थान.

दुसऱ्या महायुद्धानंतर शीतयुद्ध सुरू झालं आणि १९४९ च्या सुमारास सोव्हिएत संघाने अमेरिकेला मँगनीज पाठवणं जवळपास बंद केलं. अमेरिकेतल्या पोलाद गिरण्या तेव्हा पूर्ण वेगाने चालू होत्या. युद्धाहून परतलेल्या माणसांना घरं हवी होती, फ्रीज हवे होते, आणि सगळ्यांत जास्त हव्या होत्या मोटारी. ही गरज भागवायला भारत पुढे आला आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेला मँगनीज पाठवणाऱ्या देशांत भारत पहिल्या रांगेत होता. भट्टीत पडलेल्या खड्याला गाव उरत नाही. पिट्सबर्गच्या पोलादावर भरवेलीचा शिक्का कुणी मारला नाही. तरीही त्या दशकात अमेरिकेच्या रस्त्यांवर जो धातू धावत होता, त्यात सातपुड्याचा अंश मिसळलेला होता, हे व्यापाराचा हिशेबच सांगतो.

गाड्या इकडे कशा आल्या

खडा तिकडे जात होता, तसंच तिकडचं यंत्र इकडे येत होतं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. खोक्यांत भरून आलेले सुटे भाग तिथे जोडले जायचे आणि शेवरलेट गाड्या नि ट्रक बाहेर पडायचे. मोटारी जोडण्याचा भारतातला हा पहिला मोठा कारखाना. पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली. या गाड्या इंग्रजी गाड्यांपेक्षा उंच, रुंद आणि धडधाकट होत्या. खडकाळ रस्ता, नाल्यातलं पाणी, उन्हाळ्यातली धूळ हे सगळं त्या पचवायच्या, म्हणून संस्थानिकांपासून कंत्राटदारांपर्यंत साऱ्यांची पसंती त्यांना होती. पुढे १९४८ मध्ये पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. त्या सुरुवातीच्या वर्षांत एसटीच्या ताफ्यात बेडफर्डच्या जोडीला शेवरलेट आणि स्टुडबेकर या अमेरिकन नावांच्याही गाड्या होत्या.

पण जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे, हे ज्यांना सलत होतं त्यांत दोन नावं मोठी. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात भारतात मोटार कारखाना काढण्याची योजना आखली आणि त्यासाठी परदेशी कारखाने पाहिले. ती योजना अंगावर घेतली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या माणसाने बांधकाम, साखर आणि जहाजं या सगळ्यांत हात घातला होता. सिंदिया कंपनीच्या जहाजांसाठी ते इंग्रज कंपन्यांशी वर्षानुवर्षं झुंजले होते.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी जमली नाहीत, कारण भारताचा बाजार फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीच्या हाती होता. क्रायस्लर मात्र तयार झाली. परतीच्या विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानं बनवत होते. त्या ओळखीतून १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा पाया पडला. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखानाही घेऊन आला. विमान मात्र आधी उभं राहिलं आणि मोटार मागे राहिली. युद्धकाळात सरकारने मोटार कारखान्याला यंत्रं आणू दिली नाहीत. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ या वालचंदांच्या मोटार कंपनीची नोंदणी व्हायला १९४४ उजाडलं.

अखेर मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला पाच महिने उरले असताना, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, प्लिमथ आणि डी सोटो या क्रायस्लरच्या तीन नावांनी तिथे मोटारी तयार होऊ लागल्या. परदेशी पाठवायच्या गाड्यांत क्रायस्लर एकाच अंगावर वेगवेगळी नावं लावायची. डॉज किंग्जवे ही मुळात प्लिमथच असायची. पुढची जाळी वेगळी, बोनेटवरचं बोधचिन्ह वेगळं, बाकी सारं तेच. आत सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरांच्या आसपासचं इंजिन. त्या काळात मुंबई ते नागपूर हा पल्ला दमादमाने, पण न कुरकुरता काटणारी ही गाडी डॉक्टर, वकील आणि गिरणीमालक यांच्या दारात दिसायची.

खेड्यापाड्यांत कुर्ल्याची ओळख पोचली ती ट्रकमुळे. फार्गो, डॉज आणि डी सोटो या तीन नावांनी प्रीमियरचे ट्रक निघत आणि पुढे त्यांत डिझेलचं पर्किन्स इंजिन बसू लागलं. लाकडी ‘बॉडी’, पुढे आलेलं नाक, फाळक्यावर रंगवलेली फुलं आणि देवाचं नाव. तेंदूपत्त्याच्या हंगामात, सागवानाच्या आणि बांबूच्या वाहतुकीत जंगलपट्ट्यातल्या रस्त्यांवर फार्गोचा आवाज ओळखीचा होता. क्रायस्लर म्हणजे काय, हे ठाऊक नसलेला माणूसही ‘फार्गो आली’ असं सहज म्हणायचा.

फाटा फुटला तो १९५३ मध्ये

स्वतंत्र भारताच्या सरकारपुढे प्रश्न साधा होता. परकीय चलन तुटपुंजं आहे, ते सुटे भाग आणण्यात घालवायचं की गाडी इथेच घडवायची? १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे इथे निर्मिती करण्याचा पक्का कार्यक्रम आहे, त्यांनाच परवानगी द्यावी. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी ते मानलं नाही आणि १९५४ मध्ये दोघींनी गाशा गुंडाळला. शिवडीचा कारखाना थांबला.

प्रीमियर टिकली. पण इथल्या खिशाला आणि पेट्रोलच्या दराला मोठी अमेरिकन गाडी परवडणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. तिने इटलीच्या फियाटशी करार केला आणि कुर्ल्यात छोट्या गाड्या बनू लागल्या. अमेरिकन नावांचे ट्रक पुढेही चालू राहिले. मोटारी मात्र फियाटच्या झाल्या. एप्रिल १९५३ मध्ये वालचंद गेले, म्हणजे हा बदल पूर्ण होण्याआधीच.

तीन वर्षांनी राज्यांचा नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. नागपूरहून चालणारा कारभार भोपाळला गेला, पण वारासिवनी, कटंगी आणि लांजीकडच्या माणसांची सोयरीक, बाजार आणि दवाखाना गोंदिया-नागपूरकडेच राहिला. खाणीही दोन राज्यांत वाटल्या गेल्या. १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर इंडिया’, म्हणजे आजची ‘मॉइल’, स्थापन झाली. तिच्यात केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश असे भागीदार होते. जुन्या इंग्रजी कंपनीकडे उरलेला वाटा १९७७ मध्ये विकत घेतला गेला. मुख्य कचेरी नागपुरातच राहिली.

१९६४: दोन देश, दोन गाड्या

१९६४ मध्ये कुर्ल्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली. पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. इंजिन १०८९ सीसीचं. त्याच वर्षीच्या मॉडेलमध्ये अमेरिकेत पाँटिअॅक जीटीओ आली. तिचं इंजिन ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६४०० सीसीचं, आपल्या फियाटच्या जवळजवळ सहापट.

जीटीओची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या कंपन्यांना शर्यतींतून बाहेर पडायला सांगितलं. पाँटिअॅक ही त्यांतलीच एक, आणि तिची सारी प्रतिष्ठा शर्यतींवर उभी होती. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असाही कंपनीचा नियम होता. पाँटिअॅकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नियमात एक फट शोधली. टेंपेस्ट या मध्यम गाडीत मोठं इंजिन त्यांनी ‘जादा पर्याय’ म्हणून देऊ केलं. नियम गाडीला होता, पर्यायाला नव्हता. पाच हजार गाड्या खपतील असा वरिष्ठांचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग दाखवली आणि पहिल्याच दिवशी सुमारे २२,००० लोकांनी ती नोंदवली. मग चुरस लागली. १९६६ मध्ये क्रायस्लरने रस्त्यावरच्या गाडीत ‘४२६ हेमी’ दिलं. सिलिंडरच्या डोक्यात अर्धगोल पोकळी असलेलं, सात लिटरांचं, कागदोपत्री ४२५ हॉर्सपॉवरचं हे इंजिन. १९६८ मध्ये प्लिमथने ‘रोड रनर’ काढली. आत गालिचा नाही, आरामाची चैन नाही, फक्त इंजिनाची ताकद, आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. नाव कार्टूनमधल्या पक्ष्याचं. ते वापरण्यासाठी कंपनीने ५०,००० डॉलर मोजले आणि हॉर्नही त्या पक्ष्यासारखा ‘बीप-बीप’ वाजणारा बसवला.

हे सगळं का घडलं, याचं उत्तर त्या समाजात आहे. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी १९६४ मध्ये गाडी चालवायच्या वयाला आली होती. पेट्रोल स्वस्त होतं. १९५६ च्या कायद्यानंतर देशभर चौपदरी, सहापदरी महामार्ग तयार होत होते. आणि कारखान्यात काम करणाऱ्या विशीतल्या पोराला आपल्या पगारावर हप्त्याने ही गाडी घेता येत होती. शर्यतीच्या मैदानातलं बळ सामान्य माणसाच्या दारात आलं, हे मसल कारचं खरं वेगळेपण. फेरारी श्रीमंतांची होती, रोड रनर कामगाराची.

इथे कुर्ल्याची आठवण होते. १९४७ मध्ये ज्या नावांच्या गाड्या आपल्या कारखान्यातून निघत होत्या, त्याच डॉज आणि प्लिमथ या नावांनी वीस वर्षांनंतर अमेरिकन तरुणाई वेडी केली. आपल्याकडे त्या वेळी परदेशी मोटारींची आयात जवळपास बंद होती. वकिलातींनी वापरून काढलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि हिंदी सिनेमाच्या नटाच्या बंगल्यासमोर एखादी शेवरलेट इम्पाला उभी असे. बाकीच्यांनी अमेरिकन गाडी पाहिली ती पडद्यावर.

अंत आणि मागे उरलेली ओढ

हा काळ अवघा आठ-दहा वर्षांचा. तरुण चालक आणि अफाट बळ यांतून अपघात वाढले, विमा कंपन्यांनी हप्ते इतके चढवले की गाडीपेक्षा विमा जड झाला. १९७० मध्ये हवा-प्रदूषणाचा कडक कायदा आला. १९७१ मध्ये इंजिनं शिशाविना चालणाऱ्या पेट्रोलसाठी सौम्य करावी लागली आणि हेमीचं ते शेवटचं वर्ष ठरलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि उरलंसुरलं संपलं. त्या गाड्यांनी रस्त्यावर माणसं मारली, शहरांची हवा नासवली, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यानेही विसरू नये. कायदे आले ते गरजेचेच होते.

तरीही त्यांची ओढ पन्नास वर्षांत कमी झाली नाही. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर धावलेली हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ आला आणि त्यातल्या काळ्या १९७० च्या डॉज चार्जरने नव्या पिढीला जुन्या गाडीची ओळख करून दिली. आपल्याकडच्या मुलांच्या खोलीत आजही जी गाड्यांची चित्रं दिसतात, त्यांत ती असतेच.

ही ओढ वेगाची नाही. आजची साधी विद्युत गाडी जुन्या जीटीओला सिग्नलवर मागे टाकू शकते. माझं मत असं, की ही ओढ कळणाऱ्या यंत्राची आहे. बोनेट उचललं की इंजिन डोळ्यांसमोर दिसतं. कार्ब्युरेटर कुठला, प्लग कुठले, बिघाड कुठे, हे कान देऊन कळतं आणि पान्याने दुरुस्त होतं. बाप आणि मुलगा मिळून शनिवार-रविवारी ती गाडी खोलत होते, जोडत होते. माणूस जे स्वतः दुरुस्त करतो, त्याच्यावर त्याचा जीव जडतो.

आपली मसल कार

बालाघाटला हे सगळं ऐकवलं तर इथला जुना मेस्त्री एकाच गाडीकडे बोट दाखवेल, आणि ती म्हणजे जीप.

जीपही अमेरिकेचीच. विलीस कंपनीने आणि तिच्याच आराखड्यावरून फोर्डने युद्धकाळात मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या ‘डिस्पोजल’च्या लिलावात आल्या आणि मध्य प्रांतात कंत्राटदार, वनखातं, खाणवाले यांच्याकडे पोचल्या. युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये भारताच्या खरेदी कचेरीचं काम पाहणाऱ्या के. सी. महिंद्र यांची तिथे जीपच्या इंजिनाचे जनक बार्नी रूस यांच्याशी भेट झाली. पुढे महिंद्र बंधूंच्या कंपनीने ७५ जीपचे सुटे भाग मागवले आणि जून १९४९ मध्ये माझगावला पहिली जीप जोडली. मग तिचे एकेक भाग इथेच घडू लागले. उंच बोनेटची ‘सीजे ३बी’ ही अमेरिकेत १९५३ मध्ये आलेली जीप. तिकडे ती केव्हाच बंद पडली, पण मुंबईत तिचा वंश दशकानुदशकं वाढत राहिला.

एखादी जुनी जीप सकाळी चालू करताना पाहावं. मालक आधी चालकाची गादी उचलतो, कारण पेट्रोलची टाकी गादीखाली असते. झाकण काढून काठी बुडवून तो अंदाज घेतो. मग चोक ओढतो. पुढे तीन दांडे असतात, एक गिअरचा, एक पुढची चाकं जोडायचा, एक ‘लो’चा. थंडीत सेल्फ लागलं नाही तर समोरच्या भोकात हँडल घालतो आणि अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून अर्धा फेरा मारतो. अंगठा गुंडाळला आणि इंजिन उलट फिरलं तर तो मोडायचा, हे त्याला वडिलांनी शिकवलेलं असतं. इंजिन पकडलं की सगळी गाडी थरथरते आणि अंगणातल्या कोंबड्या पळतात.

या जीपनेच बैहरच्या पठारावर, कान्हाच्या जंगलात, नाल्यांतून, मुरुमाच्या वाटांवर सरकारी कामं नेली. निवडणुकीच्या पेट्या, लसीचे डबे, जंगल खात्याचे साहेब, खाणीतले इंजिनिअर आणि बाळंतपणाला अडलेली बाई, सगळ्यांना तिनेच पोचवलं. १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं. मुक्कीच्या बाजूने जंगलात शिरणाऱ्या पाहुण्यांची गाडी आता जिप्सी असते, पण उघड्या गाडीतून जंगल पाहायची रीत जीपने घालून दिली.

या गोष्टीचं वर्तुळ नंतर पूर्ण झालं. २०१० मध्ये महिंद्रने जीपच्याच वळणाची ‘थार’ आणली. २०१८ मध्ये तिच्यावरून घडवलेली ‘रॉक्सर’ त्यांनी थेट मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्सला जोडायला घेतली. क्रायस्लरचं मुख्यालय त्याच गावात आहे. जीपचं नाव बाळगणाऱ्या कंपनीने लगेच तक्रार केली की हे रूप आमचं आहे. दोन वर्षं वाद चालला आणि रॉक्सरला चेहरा बदलावा लागला. माझगावला १९४९ मध्ये खोक्यांतून उतरलेली गाडी सत्तर वर्षांनी घरी गेली, तेव्हा घरच्यांना तिची स्पर्धा वाटली. मराठी मुलखातल्या कामगारांच्या हातांना याहून मोठी पावती कुठली हवी?

उरलं काय

शिवडीहून गेलेली जनरल मोटर्स २००८ मध्ये महाराष्ट्रात, तळेगावला परत आली आणि २०२० च्या अखेरीस पुन्हा गेली. मस्टँग २०१६ मध्ये अधिकृतपणे भारतात आली, ६५ लाख रुपयांना. पुण्याजवळ रांजणगावला २०१७ पासून जीपच्या नावाने गाड्या तयार होत आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत व्ही-८ इंजिनाच्या डॉज चार्जर आणि चॅलेंजर बनवणंही थांबलं. कुर्ल्यात प्रीमियरच्या जमिनीवर इमारती आहेत आणि कारखान्याचं नाव एका रस्त्याला उरलं आहे. बालाघाटची छोटी लाईनही मोठी झाली आहे.

भरवेलीची खाण मात्र चालू आहे. पोलादाला मँगनीज लागतंच, आणि आता विद्युत गाड्यांच्या अनेक बॅटऱ्यांतही ते लागतं. इंजिनं गेली तरी त्या काळ्या खड्याची गरज संपलेली नाही.

अमेरिकेत जुन्या गाडीचा प्रत्येक नंबर, प्रत्येक पावती जपली जाते, म्हणून तिथल्या इतिहासाला पुरावे आहेत. आपल्याकडे कुर्ल्याच्या डॉज आणि फार्गो, माझगावच्या जीप भंगाराच्या भावाने किलोवर गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या गोष्टीही गेल्या. बालाघाट, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागांत अजून काही घरांच्या मागे, काही गॅरेजच्या कोपऱ्यांत अशा गाड्या उभ्या आहेत. तुमच्याकडे असेल तर ती विकण्याआधी चासीचा नंबर टिपून ठेवा, फोटो काढा, आरसी बुकाची प्रत जपा. आणि ती गाडी ज्याने चालवली किंवा दुरुस्त केली, तो म्हातारा मेस्त्री हयात असेल तर याच आठवड्यात त्याच्याजवळ बसून त्याचं बोलणं लिहून घ्या.